गाडीचे पाणी जाते कुठे?

वाईहून पाचगणीला पसरणी घाट चढून जावे लागते. या घाटातून आम्ही एकदा जीपने चाललो होतो. जीप ओळखीच्या एका भावाची. कर्ज काढून घेतलेली. रोज भाजीच्या पाट्या आणि चार माणसे घेऊन तो वर जायचा. त्या दिवशी अर्ध्या घाटात काटा लाल खुणेवर गेला. बॉनेटमधून वाफ निघू लागली. गाडी कडेला घेतली.

भाऊ म्हणाला, “महिनाभर हेच चाललंय बघा. रोज सकाळी बाटली बघतो. बाटली भरलेली असते. तरी गाडी तापतीय. दारात उभी असते तेव्हा खाली एक थेंब दिसत नाही. मिस्त्री म्हणतो, हेड उतरवावं लागंल. एवढा पैसा कुठनं आणू? दावणीची म्हैस विकायची पाळी आलीय.”

असे म्हणत त्याने फडके घेतले आणि रेडिएटरचे झाकण पिळायला हात घातला. आम्ही त्याचा हात धरला.

मंडळी, घरातला कुकर आठवा. शिटी व्हायच्या आधी झाकण उघडले तर काय होईल? रेडिएटरचे तसेच आहे. मोकळ्या भांड्यात, समुद्राकाठच्या गावी, पाणी १०० अंशांना उकळते. पाचगणी सुमारे १३०० मीटर उंच आहे. तिथे ते ९६ अंशांच्या आसपासच उकळते. पण रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते. त्यामुळे आतले पाणी १०० च्या वर गेले तरी उकळत नाही. झाकण काढले की दाब जातो. मग ते पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर, हातावर उडते. माणसे भाजतात. डोळेही जातात. इंजिन पुरते गार होईपर्यंत झाकणाला हात लावू नये. आम्ही तासाभराहून जास्त थांबलो. गरम इंजिनावर गार पाणीही ओतू दिले नाही. तसे केले तर लोखंड तडकते.

हे पाणी करते तरी काय? इंजिनात डिझेल जळते. त्याची आच फार. इंजिनाच्या अंगात पोकळ वाटा असतात. पंप त्या वाटांतून पाणी फिरवतो. पाणी आच घेते, रेडिएटरमध्ये येते, वाऱ्याने गार होते आणि पुन्हा आत जाते. नुसते पाणी घातले तर आत गंज चढतो. म्हणून कूलंट घालतात. ते शुद्ध पाण्यात मिसळतात. बहुतेक निम्मे-निम्मे.

आता झाकणाकडे नीट पाहा. त्याला दोन पडदे असतात. इंजिन तापले की कूलंट फुगते. दाब वाढला की मोठा पडदा उचलतो आणि जादा कूलंट बारीक नळीने बाटलीत जाते. रात्री इंजिन गार होते. कूलंट आकसते. तेव्हा छोटा पडदा उघडतो आणि बाटलीतले कूलंट त्याच नळीने परत ओढले जाते. रोजचे हे येणे-जाणे. (काही नव्या गाड्यांत दाबाचे झाकण बाटलीवरच असते. त्यांत बाटली हाच रेडिएटरचा वरचा भाग समजावा. तीही गरम असताना उघडू नये.)

घाटात गाडी गार झाल्यावर आम्ही झाकण काढले. बाटली काठोकाठ भरलेली, आणि रेडिएटर वरून चांगला वीतभर रिकामा! भावाने कपाळाला हात लावला. महिनाभर तो बाटलीच पाहत होता. रेडिएटरमध्ये कधी डोकावला नव्हता.

याचा अर्थ असा. कूलंट बाटलीत जात होते, पण परत येत नव्हते. त्याच्या जागी हवा आत येत होती. बाटली भरली की वरचे कूलंट चालत्या गाडीतून रस्त्यावर सांडत होते. म्हणून दारात थेंब दिसत नव्हता. आम्ही बारीक नळी बोटांनी चाचपली. बाटलीच्या तोंडाजवळ, कूलंटच्या वर, ती चिरली होती. फुटक्या नळीने शहाळे पिऊन पाहा. पाणी येत नाही, वाराच येतो. तसेच झाले होते.

हवा आत राहिली तर काय बिघडते? पंप पाणी ढकलतो, हवेला त्याची पाती नीट ढकलू शकत नाहीत. हवा उंच जागी जाऊन बसते. तिथे पाणी पोचत नाही आणि तेवढा भाग तापतो. काटाही फसवतो. तो एकदम वर जातो, एकदम खाली येतो. ज्या गाडीला हीटर आहे, तिचे इंजिन तापलेले असून हीटरमधून गार वारा येतो. पुढच्या फळीमागे खळखळ ऐकू येते. ही सगळी हवा धरल्याची चिन्हे.

मिस्त्रीची शंका अगदीच वेडी नव्हती. हेडखालचे गॅस्केट गेले तरी कूलंट कमी होते आणि बाहेर थेंब पडत नाही. पण त्याची चिन्हे वेगळी. इंजिन तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहतो. तेल दुधाच्या चहासारखे होते. गार इंजिन सुरू करून मिनिटभरात वरचा जाड पाइप दगडासारखा कडक होतो. यातले एकही चिन्ह या जीपमध्ये नव्हते. पाइपांच्या जोडावर, पंपाखाली पांढरे-हिरवे डागही नव्हते. म्हैस वाचली!

घाटात आम्ही रेडिएटर भरला आणि गाडी हळूहळू वाईला परत आणली. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर नळी बदलली. झाकणाचे रबर चिरले नव्हते, तरी झाकण नवे घेतले. ते स्वस्त असते. मग हवा काढली. गाडीचे तोंड चढाकडे करून चाकांना दगड लावले. झाकण उघडे ठेवून कूलंट सावकाश ओतले. घाईने ओतले की हवा कोंडते. हीटर पूर्ण गरमवर ठेवला आणि इंजिन सुरू केले. पंख्यापासून हात लांब ठेवून वरचा पाइप मधून मधून दाबला. बुडबुडे येऊ लागले. थोड्या वेळाने थर्मोस्टॅट उघडला. हे वरचा पाइप गरम होऊ लागला त्यावरून कळले. आणखी बुडबुडे आले, पातळी खाली गेली, पुन्हा भरले. मग बुडबुडे थांबले. गॅस्केट गेले असते तर ते थांबले नसते. काही गाड्यांना हवा काढायला वेगळा स्क्रू असतो. तो गार इंजिनावरच सैल करावा.

सांडलेले कूलंट आम्ही मातीने झाकले, ती माती भरून पुरली. ते चवीला गोड आणि विषारी असते. कुत्री-वासरे चाटतात आणि मरतात. डबा पोरांच्या हाती लागू देऊ नये.

दुसऱ्या सकाळी रेडिएटरमध्ये पेलाभर कूलंट घालावे लागले. तिसऱ्या सकाळी काहीच नाही. भावाने बाटलीवर खिळ्याने खूण केली. आता तो झाकण उघडून रेडिएटरमध्येही पाहतो.