कॅलेंडरवरचं नक्षत्र कसं वाचायचं? होडी सोडण्याआधी एक छोटा धडा



बंदी उठायला आता थोडेच दिवस राहिले. जेटीवर जाळी विणणं, इंजिन बघणं, बर्फाची बोलणी सगळं सुरू आहे. त्यातच परवा एक तरुण खलाशी ऑफिसात आला आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघून म्हणाला, "दादा, आजच्या चौकटीत स्वाती लिहिलंय, आणि म्हातारे सांगतात पुष्य चालू आहे. खरं कुठलं?"

दोन्ही खरं. पण हा फरक आपल्यातल्या पुष्कळांना सांगता येत नाही, म्हणून आज तोच विषय.

*1) नक्षत्रं दोन हिशेबांनी मोजतात*

चंद्र-सूर्य आकाशात ज्या वाटेने फिरताना दिसतात, त्या वाटेचे जुन्या लोकांनी 27 सारखे भाग केले. अश्विनीपासून रेवतीपर्यंत. पूर्ण फेरी 360 अंशांची, म्हणून एक नक्षत्र 13 अंश 20 कलांचं.

चंद्र ही फेरी सव्वासत्तावीस दिवसांत पुरी करतो. म्हणजे रोज साधारण एक नक्षत्र. चौकटीत रोज बदलणारं नाव असतं ते चंद्राचं.

सूर्याला तीच फेरी करायला वर्ष लागतं. म्हणून तो एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो. "मृग लागला", "आर्द्रा बरसल्या" हे आपण म्हणतो ते सूर्याचं नक्षत्र. मृग 7-8 जूनला, पुष्य 20 जुलैच्या आसपास, आश्लेषा 3 ऑगस्टच्या आसपास, हस्त 27 सप्टेंबरच्या सुमारास. इंग्रजी तारखा दरवर्षी जवळपास त्याच, कारण हा हिशेब सूर्याचा आहे.

*2) महिन्यांची नावंही इथूनच आली*

पौर्णिमेला चंद्र ज्या नक्षत्रात किंवा त्याच्या जवळ असतो, त्यावरून महिन्याचं नाव. चित्रावरून चैत्र, कृत्तिकेवरून कार्तिक, श्रवणावरून श्रावण. आपण नारळ वाहतो ती पौर्णिमा म्हणजे चंद्र श्रवणाजवळ असतानाची पौर्णिमा.

*3) उधाण नक्षत्रावर नाही, तिथीवर बघा*

इथे चूक झाली तर होडी वाळूच्या पट्टीवर बसते, म्हणून नीट वाचा.

भरती-सुकतीला चंद्र आणि सूर्य दोघं मिळून पाणी ओढतात. दोघांमधलं अंतर जी सांगते ती तिथी. 12 अंश अंतर वाढलं की एक तिथी झाली. अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत येतात, तेव्हा उधाण. खरा जोर एक-दोन दिवसांनी दिसतो. अष्टमीच्या सुमारास ओढ आडवी पडते, तेव्हा भांग, पाण्याची चढ-उतार कमी.

नक्षत्रावरून हे का कळत नाही? रोहिणी घ्या. गोकुळाष्टमीला चंद्र रोहिणीत किंवा तिच्या आसपास असतो, आणि तिथी अष्टमी, म्हणजे भांग. मार्गशीर्ष पौर्णिमेलाही चंद्र मृग-रोहिणीच्याच भागात असतो, पण तेव्हा उधाण. चंद्र त्याच जागी आणि पाणी उलटं. म्हणून खाडीच्या तोंडातून बाहेर पडायचं असेल तर आधी तिथी बघा.

भरतीच्या वेळेचा जुना हिशेब: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. दशमीला साडेसात. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. हा हिशेब मुंबईच्या बाजूला जास्त जुळतो. आपल्याकडे भरती त्याआधी येते. अंदाजाला ठीक आहे, पण मापाला मुरगाव बंदराचं भरतीचं कोष्टकच वापरा.

*4) वाहनाचं काय?*

यंदा बेडूक आहे, म्हैस आहे, म्हणजे पाऊस भरपूर, असं आपण दरवर्षी ऐकतो. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो त्या वेळी, सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजतात, आलेल्या आकड्याला नऊने भागतात, आणि उरेल त्यावरून वाहन ठरतं. म्हणजे हा भागाकार आहे. यात वारा, ढग, समुद्राचं तापमान काही नाही. घरी गप्पांना वाहन जरूर काढा, पण त्यावर डिझेल भरू नका.

*5) वादळाला नक्षत्र माहीत नसतं*

पावसाची नक्षत्रं आपण मृगापासून हस्त-चित्रा-स्वातीपर्यंत धरतो. आता दोन तारखा आठवा.

11 नोव्हेंबर 2009, फयान वादळ. सूर्य तेव्हा विशाखात. स्वाती संपली होती, पावसाळा गेला म्हणून होड्या बाहेर होत्या. कोकण किनाऱ्यावरचे कित्येक मच्छीमार परत आले नाहीत.

16 मे 2021, तौक्ते वादळ गोव्याजवळून गेलं. सूर्य तेव्हा कृत्तिकेत. मृगाला अजून तीन आठवडे होते.

दोन्ही वादळं पावसाच्या नक्षत्रांच्या बाहेरची. आपल्या वाडवडिलांनी नक्षत्रांवरून ऋतू ओळखला, तो मोठा अनुभव आहे आणि तो टाकायचा नाही. पण नक्षत्र ऋतूचा अंदाज देतं. उद्या सकाळचा वारा ते सांगत नाही.

*तर 1 ऑगस्टला होडी सोडताना:*

– मोसमासाठी सूर्याचं नक्षत्र
– उधाण-भांगासाठी तिथी, वेळेसाठी भरतीचं कोष्टक
– वाऱ्या-लाटांसाठी हवामान खात्याचा आणि इन्कॉइसचा इशारा, निघायच्या आदल्या रात्री आणि निघताना पुन्हा

तिन्हींत इशारा "जाऊ नका" म्हणत असेल, तर तिथी-नक्षत्र कितीही चांगलं असो, दोर सोडायचा नाही. एक दिवसाचं मासळीचं नुकसान भरून निघतं. आणि तांडेलांनो, खलाशी "आज नको" म्हणाला तर त्याला भित्रा म्हणू नका.

आज घरी एक काम करा. पोरांना कॅलेंडरजवळ बसवा, आजची तिथी काढायला सांगा आणि पाऊणपटीने भरतीची वेळ मोजायला लावा. मग जेटीवर जाऊन घड्याळ लावून बघा, किती फरक पडतो. आपापल्या खाडीचा फरक खाली लिहा, म्हणजे सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

सगळ्यांना मोसम बरा जावो.

— सचिव