सुतावर बारा, कापडावर पाच : मागधारकाचे भांडवल अडकले कसे?

कर वाढला की व्यापाऱ्याचे नुकसान आणि कमी झाला की ग्राहकाचा फायदा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात कराचा दर जितका महत्त्वाचा, तितकेच तो मालाच्या कोणत्या टप्प्यावर लावला आहे हेही महत्त्वाचे असते. मालेगाव आणि भिवंडीच्या यंत्रमाग धंद्याने हा धडा आठ वर्षे गिरवला. आज तोच आपण हिशेबासह समजून घेऊ.

पूर्वीची व्यवस्था

१९५७ पासून कापड, साखर आणि तंबाखू यांवर राज्यांनी विक्रीकर लावू नये, त्याऐवजी केंद्राने जादा उत्पादन शुल्क घेऊन ते राज्यांना वाटून द्यावे, अशी व्यवस्था होती. त्यामुळे कापडपेठेला विक्रीकराचा हिशेब ठेवण्याची फारशी सवय नव्हती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी आला आणि सूत ते शिवलेला कपडा अशी सारी साखळी कराखाली आली. त्याच महिन्यात सुरतेच्या कापड व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवला, तो याच कारणाने.

या कराचे तत्त्व सरळ आहे. कच्च्या मालावर भरलेला कर पक्क्या मालाच्या करातून वजा करायचा आणि उरलेला सरकारजमा करायचा. अर्थात हे गणित सुरळीत चालण्यासाठी पक्क्या मालावरचा कर कच्च्या मालापेक्षा कमी असून चालत नाही.

उलटा जिना

येथेच घोटाळा झाला. कापड सर्वांना लागते म्हणून त्यावर ५ टक्के कर ठेवला. सुती धाग्यावरही ५ टक्केच होता. परंतु पॉलिस्टरसारख्या कृत्रिम धाग्यावर आरंभी १८ टक्के आणि ऑक्टोबर २०१७ पासून १२ टक्के कर राहिला. धागा ज्यापासून निघतो त्या कृत्रिम तंतूवर तर १८ टक्के कायम होता. म्हणजे जिना वरून खाली उतरणारा झाला!

एक उदाहरण घेऊ. मागधारकाने एक लाख रुपयांचे कृत्रिम सूत घेतले. त्यावर १२,००० रुपये कर भरला. त्या सुताचे कापड १,४०,००० रुपयांना विकले. त्यावर ५ टक्के म्हणजे ७,००० रुपये कर झाला. १२,००० मधून ७,००० वजा जाता ५,००० रुपये त्याच्या नावावर जमा राहिले, पण हातात आले नाहीत. अशा दहा फेऱ्या झाल्या की ५०,००० रुपये अडकले. ज्याच्याकडे मोजके माग आहेत, त्याचे खेळते भांडवल ते केवढे! मग रोखीचे सूत उधारीवर घ्यावे लागते आणि उधारीचे सूत महाग पडते.

प्रारंभी या रकमेचा परतावा मागण्याचीही सोय कापडाला नव्हती. ती ऑगस्ट २०१८ पासून मिळाली, पण तोवर साठलेली रक्कम बाद होईल असे ठरले. २०१९ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने ही रक्कम बाद करणे अमान्य केले. परताव्यालाही मर्यादा होती. तो कच्च्या मालावरील करापुरताच, सेवांवरील कराचा नाही, ही बाब सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केली. शिवाय वीज जीएसटीच्या बाहेर असल्याने वीजबिलावरील शुल्काची वजावट मिळतच नाही.

भार कोणावर पडला?

ग्राहकाला बिलावर ५ टक्केच दिसत होते. पण परतावा न मिळालेली रक्कम मागधारक कापडाच्या भावात मिळवू पाहणार, हे उघड आहे. आपल्या उदाहरणात हा छुपा बोजा सुमारे साडेतीन टक्के होतो. बाजार तेजीत असेल तर तो ग्राहकाकडे जातो, मंदीत असेल तर मागधारकाच्या अंगावर राहतो आणि शेवटी विणकराच्या मजुरीवर येतो. दुसरीकडे परदेशातून आलेल्या तयार कापडावर सीमाशुल्क असले, तरी सुतात अडकलेल्या कराचे हे ओझे नव्हते. कराच्या एका दराने धंद्याचा तोल असा बदलतो.

तीन वाटा होत्या

सरकारपुढे तीन पर्याय होते. दर आहे तसे ठेवून परतावा देत राहणे, ही पहिली वाट. यात कागदपत्रे आणि विलंब आला. कापडाचा कर १२ वर नेणे, ही दुसरी. यात गणित जुळते, पण गरिबाचे कापड महागते. सुताचा कर खाली आणणे, ही तिसरी. यात सरकारचे उत्पन्न घटते. सप्टेंबर २०२१ मध्ये उलटी कररचना सुधारण्याचे ठरले आणि १ जानेवारी २०२२ पासून कापडावर १२ टक्के लागणार होते. विरोध इतका झाला की ३१ डिसेंबर २०२१ रोजी तो निर्णय पुढे ढकलला गेला. अखेर २२ सप्टेंबर २०२५ पासून तिसरी वाट स्वीकारण्यात आली. कृत्रिम तंतू आणि धागा, दोन्ही ५ टक्क्यांवर आले. आता आपल्या उदाहरणात सुतावर ५,००० आणि कापडावर ७,००० कर होतो आणि फक्त २,००० रुपये भरावे लागतात. सरकारने उत्पन्न सोडले, पण मागधारकाचा पैसा मागावर फिरू लागला. शिवलेल्या कपड्यांना मात्र २,५०० रुपयांची रेषा आहे. तेवढ्या किमतीपर्यंत ५ टक्के, त्यावर १८ टक्के.

आपण काय करावे?

सूत पक्क्या बिलावरच घ्यावे आणि विकणाऱ्याने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवले की नाही, हे दर महिन्याला पाहावे. त्याने दाखवले नाही तर आपली वजावट अडते. जुना परतावा बाकी असेल तर त्याला दोन वर्षांची मुदत आहे, हे विसरू नये.

दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीसाठी १ टक्क्याची कंपोझिशन योजना आकर्षक वाटते, पण हिशेब करूनच ती घ्यावी. वरच्या उदाहरणात सुताचे ५,००० वजा मिळत नाहीत, वर १,४०० भरावे लागतात, म्हणजे एकूण ६,४०० झाले. नेहमीच्या पद्धतीत ७,००० होतात, पण ते सारे खरेदीदाराला वजावट म्हणून मिळतात. कंपोझिशनच्या बिलावर त्याला काहीच मिळत नाही. शिवाय या योजनेत परराज्यात माल विकता येत नाही.

कराचा दर ठरवणे आपल्या हाती नाही. परंतु आपल्या धंद्यात तो कोठे अडकतो, हे आकड्यांनिशी मांडणे आपल्या हाती आहे. आपल्या संघटनेमार्फत गाऱ्हाणे नेताना सोबत वहीतला हिशेबही न्यावा, असे आम्ही सुचवतो.