स्लॅब ओतण्यापूर्वी काँक्रीट पंपाची तपासणी

गुदाम, दुकान किंवा घर बांधण्याचा प्रसंग व्यापाऱ्याच्या आयुष्यात एकदोनदाच येतो. पूर्वी स्लॅबच्या दिवशी मजुरांची रांग हातोहात घमेली वर पोचवीत असे. आज हे काम बहुतेक शहरांतून पंप करतो. श्रम वाचले, वेळ वाचला. परंतु धोक्याचे स्वरूप बदलले. घमेले निसटले तर एकाच्या पायावर पडे. दाबाखालील नळ फुटला तर माणूस जीवानिशी जातो. म्हणून ज्याच्या जागेवर हे यंत्र चालावयाचे आहे, त्या मालकास त्याची तोंडओळख असलीच पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम घाईचे मूळ पाहू. तयार काँक्रीट भरल्यापासून सामान्यतः दोन तासांच्या आत गाडीतून रिकामे व्हावे, असा भारतीय मानकाचा संकेत आहे. गाड्या दारात येऊन उभ्या राहिल्या की मालक, ठेकेदार व चालक या तिघांचेही लक्ष घड्याळाकडे लागते आणि तपासणी मागे पडते. यावर उपाय सोपा आहे. पंप आधी बोलवावा, तपासणी पुरी करावी, आणि मगच काँक्रीटची पहिली गाडी कारखान्यातून निघू द्यावी. तराजू पारखल्यावाचून आपण माल जोखीत नाही. तोच नियम येथे लावावा.

तपासणीचा प्रारंभ जमिनीपासून करावा. बूम म्हणजे पंपाचा लांब हात. तो ज्या दिशेस पसरतो, त्या बाजूच्या आधारपायावर फार मोठा भार येतो. चारही पाय पुरते बाहेर काढलेले असावेत आणि प्रत्येकाखाली रुंद, जाड फळ्या असाव्यात. खोदलेल्या खड्ड्याच्या काठाशी पाय टेकू देऊ नये. जुन्या पेठांतील अंगणात बुजविलेला आड, शौचकूप, गटार किंवा धान्याचे पेव असू शकते. हे पंपाच्या चालकास कोठून कळणार? ते मालकासच ठाऊक असते. तेव्हा अशी जागा चुन्याने आखून दाखविणे हे मालकाचे काम होय.

यानंतर वर पाहावे. विजेच्या तारेला बूम प्रत्यक्ष टेकलीच पाहिजे असे नाही. उच्च दाबाची वीज अंतर ओलांडूनही येते, आणि होज धरलेल्या मजुराला तिचा पहिला तडाखा बसतो. तारा जवळ असतील तर वीजपुरवठा खात्याकडून त्या रीतसर बंद करून घ्याव्यात. तसे होत नसेल तर पंपाची जागा बदलावी.

तिसरी बाब नळांची. वाळू-खडीच्या घर्षणाने नळ आतून झिजतो, वळणावर तर अधिकच. बाहेरून रंग चकचकीत असला तरी आतील पत्रा पातळ झालेला असतो. जाडी मोजण्याचे यंत्र मिळते. शेवटची मोजणी केव्हा झाली हे पंपवाल्यास विचारावे. प्रत्येक जोडाच्या खाचेतील जुने काँक्रीट खरवडून काढावे, रबरी कडे शाबूत असावे, क्लॅम्प पुरता बसून त्याची खीळ लागलेली असावी. काम चालू असता नळ तुंबला, तर पंप उलटा फिरवून दाब उतरविल्याखेरीज कोणताही जोड सोडू नये.

हॉपर म्हणजे काँक्रीट ओतण्याची पेटी. तिच्यावरील जाळी जागेवर हवी. जाळीवर कोणी उभे राहू नये, आत हात घालू नये. तातडीने यंत्र थांबविण्याचे बटण काँक्रीट येण्यापूर्वी प्रत्यक्ष दाबून पाहावे.

टोकाच्या होजविषयी विशेष सावध असावे. सव्वाशे मिलिमीटर व्यासाच्या तीन मीटर होजमध्ये सुमारे ९० किलो काँक्रीट मावते. आत कोंडलेली हवा एकदम सुटली की हे ओझे चाबकासारखे उसळते. म्हणून पंप सुरू करताना, तसेच प्रत्येक खंडानंतर, प्रवाह संथ होईपर्यंत सर्वांनी दूर उभे राहावे. होजच्या तोंडाशी लोखंडी जोड ठेवू नये, होज दुमडू नये, आणि हॉपर कधीही रिकामा होऊ देऊ नये. त्यातूनच हवा आत शिरते.

शेवटी सेंटरिंग. पंपाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर नळ हिसका देतो, म्हणून तो टेकूंना बांधू नये. त्यास स्वतंत्र आधार द्यावा. १५ सेंटिमीटर जाडीच्या ओल्या स्लॅबचे वजन चौरस मीटरला सुमारे ३६० किलो भरते. एकाच ठिकाणी ६० सेंटिमीटरचा ढीग झाला तर तेथे चौपट, म्हणजे १४ क्विंटलांहून अधिक भार येतो. गुदामात थप्पी कोठे व किती उंच लावावी हे जाणणाऱ्या आपणांस याहून अधिक सांगणे नको.

या सर्व बाबी एका कागदावर लिहून, मुकादम व पंपचालक यांच्यासह फिरून, एकेकीपुढे खूण करीत जावे. या कामास फार तर एक तास लागेल. आणखी एक गोष्ट त्या दोघांना मालकाने स्वतःच्या तोंडाने आधीच सांगावी : “संशय आला तर काम थांबवा, वाया गेलेल्या गाडीचे पैसे मी सोशीन.” चालकाला पुष्कळदा दोष दिसत असतो, परंतु मालकाच्या रागाच्या भयाने तो बोलत नाही. ते भय दूर करणे केवळ मालकाच्याच हाती आहे. वाया गेलेल्या काँक्रीटची नोंद खर्चाच्या बाजूस करून खाते मिटविता येते. गेलेल्या माणसाचे खाते कोणत्याही वहीत मिटत नाही.