मायक्रोवेव्हशेजारची नोटीस

माझ्या मॅनेजरचं नाव मी घेणार नाही. न्यू जर्सीतल्या आमच्या गणपतीत आरतीला आम्ही अजूनही एकाच रांगेत उभे राहतो.

काम होतं एका विमा कंपनीची क्लेम्सची जुनी सिस्टीम नव्यावर नेण्याचं. 2021 च्या थँक्सगिव्हिंगला सगळं ऑफिस सुट्टीवर होतं आणि मी रात्री अडीचला लॅपटॉप मांडीवर घेऊन डेटा जुळवत बसले होते. हे सांगते, कारण त्यानंतरच्या अप्रेझलमध्ये मला ऐकवलं गेलं, "काम चांगलंय तुझं, पण व्हिजिबिलिटी नाही." अडीच वाजता कुणाला दिसणार होते मी?

पगाराचा विषय मी दरवर्षी काढायचे. मॅनेजर केबिनचं दार लोटून घ्यायचा आणि मराठीत सुरू व्हायचा. "अगं, ग्रीन कार्डची फाइल चालू आहे ना? मग आत्ता कशाला? आणि नवऱ्याचंही छान चाललंय की." इंग्रजीत हे वाक्य तो कधीच बोलला नसता, एच.आर.ने धरलं असतं. मराठीत बोलला आणि मी त्याला जिव्हाळा समजले. चहासुद्धा घेतला वर.

मार्चमधली गोष्ट. पॅन्ट्रीत डबा गरम करत होते. शेजारच्या बोर्डावर किमान वेतनाची, अपघाताची वगैरे पत्रकं असतात, ती कोण वाचतं? त्यांतच एल.सी.ए.ची, म्हणजे 'लेबर कंडिशन अ‍ॅप्लिकेशन' या अर्जाची, नोटीस होती. एच-वन-बी व्हिसावर माणूस घ्यायचा तर पद कोणतं आणि पगार किती, हे कामाच्या जागी लावावं लागतं. पद माझंच होतं. पगार 1,21,000 डॉलर. माझा 97,500. मायक्रोवेव्ह थांबून टिंगटिंग करत राहिला आणि मी तोच आकडा पुन्हापुन्हा वाचत होते.

ज्याच्यासाठी ती नोटीस होती, तो मुलगा मीच इंटरव्ह्यूत पास केला होता. अनुभव माझ्यापेक्षा चार वर्षांनी कमी, आणि त्याला काम शिकवायचं होतं मीच. त्याच्यावर राग नाही, पोरगा खरंच हुशार आहे.

फोटो काढला आणि केबिनमध्ये गेले. मॅनेजर आधी म्हणाला, "बजेट वेगळं असतं." मग जरा थांबून, "तुला हे कुणी दाखवलं?" आकडा चुकलाय, असं तो एकदाही म्हणाला नाही. मॅनेजरला नोटीस माहीत होती, आकडा माहीत होता, माझाही माहीत होता. प्रश्न एवढाच पडला होता, की मला कसं कळलं. त्या क्षणी माझ्या डोक्यातला 'आपला माणूस' संपला. एच.आर.ने पुढे 4 टक्के 'मार्केट अ‍ॅडजस्टमेंट' दिली. भीक घातल्यासारखी.

तर बायांनो, आणि इथे एच-वन-बीवर आलेल्या सगळ्यांनोच, ती नोटीस वाचा. कायद्याने तुम्हाला त्या जागेवरच्या तशाच माणसांना मिळतो तो पगार किंवा बाजारातला पगार, यांतला जास्त असेल तो द्यावा लागतो. कामगार खात्याकडे भरलेल्या या अर्जांची माहिती इंटरनेटवर खुली असते. कंपनीचं नाव आणि पद टाका, अप्रेझलच्या आधी. मी हे नंतर केलं.

बंद दाराआड मराठीत जे बोललं जातं, त्याला त्याच दिवशी इंग्रजीत ई-मेलने उत्तर द्या: आज आपलं असं असं बोलणं झालं. माझ्याकडे पाच वर्षांच्या त्या 'जिव्हाळ्या'ची एकही ओळ कागदावर नाही.

पगार विचारू नये, हे आपल्याला लहानपणी शिकवलेलं. इथे सुपरवायझर नसलेल्या कर्मचाऱ्यांना आपसांत पगाराबद्दल बोलायचा हक्क 1935 च्या कायद्यानेच आहे. आम्ही पाचजणी एकत्र जेवायचो. रेसिपींची देवाणघेवाण झाली, पगारांची नाही.

ग्रीन कार्डची भीती घालतात, तिचं काय? आय-140, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला अर्ज, मंजूर होऊन 180 दिवस उलटले, की कंपनीने तो नुसता मागे घेतला म्हणून तुमची रांगेतली तारीख जात नाही. नव्या कंपनीत फाइल पहिल्यापासून करावी लागते, पण तारीख जुनीच चालते. हे मला कंपनीच्या वकिलाने कधी सांगितलं नाही. तो कंपनीचा वकील. स्वतःचा वकील करा. मला तासाचे 250 डॉलर पडले आणि त्या तासाभरात पाच वर्षांची भीती उतरली.

पगारातल्या भेदभावाच्या तक्रारीला मुदत असते. न्यू जर्सीत ई.ई.ओ.सी.कडे, म्हणजे केंद्राच्या समान रोजगार संधी आयोगाकडे, 300 दिवस, राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे 180. राज्याचा 2018 चा समान वेतनाचा कायदा तर सहा वर्षांपर्यंतची थकबाकी मागू देतो. मी तक्रार केली नाही. नोकरी गेली तर जास्तीत जास्त 60 दिवस हातात, आणि मुलीची शाळा मध्यावर. ज्यांना यात भित्रेपणा दिसतो, त्यांनी व्हिसावर राहून बघावं. बाकी केलेल्या कामाची नोंद ठेवा, मीटिंगमध्ये तोंड उघडा, हे सगळेच सांगतात. खरंही आहे.

मी पाच महिन्यांनी दुसरीकडे गेले. जुन्या ऑफिसातली मैत्रीण सांगत होती, पॅन्ट्रीतला तो बोर्ड काढलाय, नोटीस आता इंट्रानेटवर येते. तिथेही ती दहाच दिवस असते. बघत जा.