अल्पमोली शेअर आणि त्यामागील माणसे

मढच्या कोळीवाड्यात जुनी होडी विकावयास निघाली, तर घेणारा केवळ तिचा रंग पाहून व्यवहार ठरवीत नाही. होडी कोणाची, तिच्यावर तांडेल कोण होता, यंत्र कितीदा उतरवले, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे काय, याची चौकशी आधी होते. ही चौकशी कशी करावी, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. मात्र हाच जाणता मनुष्य मोबाइलवर दोन रुपयांचा शेअर घेताना कंपनीच्या प्रवर्तकाचे नावही विचारीत नाही, असे पुष्कळदा घडते.

१ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हंगामातील शिल्लक या काळात घरात असते, आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्यात उतरण्यापूर्वी तीतूनच जाळी, डागडुजी व डिझेल यांचा खर्च भागवावयाचा असतो. हा पैसा थोड्या दिवसांत दुप्पट करून देण्याचे आमिष नेमके याच सुमारास अधिक मोहक वाटते.

किंमत कमी म्हणजे शेअर स्वस्त नव्हे

ज्या शेअरचा भाव काही पैशांपासून थोड्याशा रुपयांपर्यंत असतो, त्यास बाजारात ‘पेनी शेअर’ म्हणतात. दोन रुपयांना शेअर मिळतो म्हणजे तो स्वस्त, ही समजूत मुळातच चुकीची होय. कंपनीचे ५० कोटी शेअर असतील, तर दोन रुपये भावाने संपूर्ण कंपनीची किंमत १०० कोटी रुपये होते. तिची मालमत्ता व नफा तेवढ्या मोलाचा आहे काय, हा खरा प्रश्न आहे. शिवाय अशा शेअरची दैनंदिन उलाढाल अत्यल्प असते. भावाची वरची मर्यादा गाठली की विकणारा सापडत नाही, आणि खालची मर्यादा गाठली की घेणारा सापडत नाही. वीस हजार रुपयांत घेतलेले दहा हजार शेअर मग दिवसेंदिवस डीमॅट खात्यात पडून राहतात आणि भाव रोज एक पायरी उतरत जातो.

संचालकच बेपत्ता

माणसे न पाहता पैसे गुंतविल्याचा मोठा धडा १९९० नंतरच्या दशकाने दिला. १९९२ मध्ये भांडवल उभारणीवरील सरकारी नियंत्रण उठले. पुढील काही वर्षांत नव्या कंपन्यांनी जनतेकडून शेअरविक्रीद्वारे भराभर पैसा गोळा केला. त्यांतील अनेक कंपन्या नंतर दिसेनाशा झाल्या. या कंपन्यांच्या शोधासाठी १९९९ मध्ये केंद्र शासन व सेबी यांची संयुक्त समिती नेमण्यात आली आणि २३८ कंपन्या ‘बेपत्ता’ ठरविण्यात आल्या. बेपत्ता कोणास म्हणावे, याचे निकष मोठे बोलके आहेत : दोन वर्षे कंपनी निबंधकाकडे विवरणपत्रे नाहीत, शेअर बाजाराकडेही नाहीत, नोंदलेल्या पत्त्यावर कार्यालय नाही, आणि एकाही संचालकाचा ठावठिकाणा नाही. कंपनी कागदावर जिवंत असते. नाहीशी होतात ती माणसे.

अलीकडचे उदाहरण साधना ब्रॉडकास्ट या मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे आहे. जुलै २०२२ च्या उत्तरार्धात यूट्यूबवर काही चित्रफिती प्रसृत झाल्या. एक मोठा उद्योगसमूह ही कंपनी ताब्यात घेणार, असा खोटा दावा त्यांत होता. सेबीच्या मार्च २०२३ च्या अंतरिम आदेशानुसार या काळात लहान भागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ वर गेली. हजारो घरे शेअर घेत असताना विकणारे कोण होते? काही प्रवर्तक, कंपनीचे व्यवस्थापकीय अधिकारी आणि एक टक्क्याहून अधिक हिस्सा बाळगणारे भागधारक यांनी फुगलेल्या भावात आपल्या हिश्शाचा मोठा भाग विकल्याचे आदेशात नमूद आहे. मे २०२५ मध्ये सेबीने सुमारे ५८ कोटी रुपयांचा अवैध लाभ व्याजासह परत करण्याचा आदेश दिला.

चौकशी कोठे करावी

पूर्वी अशी माहिती मिळविण्यासाठी मढहून तरीने वर्सोवा, तेथून अंधेरी आणि पुढे आगगाडीने दक्षिण मुंबईतील निबंधक कार्यालय, एवढा प्रवास करणे प्राप्त होते. आता ती घरबसल्या मिळते. प्रत्येक संचालकास आठ अंकी ओळख क्रमांक असतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्यावरून तो आणखी कोणकोणत्या कंपन्यांत आहे, हे पाहता येते. एकाच पत्त्यावर, त्याच तीन-चार नावांच्या अनेक कंपन्या आढळल्या आणि एकीचाही धंदा दिसला नाही, तर तेथेच थांबावे. सलग तीन वर्षे हिशेब सादर न करणाऱ्या कंपनीचा संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. २०१७ मध्ये अशा तीन लाखांहून अधिक संचालकांवर कारवाई झाली. सेबीच्या संकेतस्थळावर आदेश शोधताना केवळ कंपनीचे नव्हे, तर प्रवर्तकाचे नाव घालून शोधावे. कंपनीचे नाव बदलणे सोपे असते.

वार्षिक अहवालातील रंगीत छायाचित्रांपेक्षा शेवटच्या पानांवरील बारीक टिपा अधिक मोलाच्या. ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ या टिपेत प्रवर्तकाच्या नातलगांच्या संस्थांना बिनव्याजी कर्जे दिलेली दिसतात काय, ते पाहावे. लेखापरीक्षकाने मुदतीपूर्वीच काम सोडले असेल, तर त्याचे राजीनामापत्र अवश्य वाचावे.

प्रवर्तकांचा हिस्सा किती आणि त्यांतील तारण किती, हे दर तिमाहीच्या तक्त्यात असते. मात्र हा तक्ता तिमाही संपल्यावर २१ दिवसांच्या आत येतो. जुलैत विकलेले शेअर ऑक्टोबरच्या तक्त्यात दिसतात; तोवर घेणाऱ्याचे पैसे अडकलेले असतात. म्हणून एकच तक्ता न पाहता मागील आठ-दहा तिमाहींचे तक्ते शेजारी मांडून पाहावेत. तसेच प्रवर्तकाने एका तिमाहीत दहा लाख रुपयांहून अधिक किमतीचा व्यवहार केल्यास त्याची सूचना शेअर बाजारास मिळते. ही सूचना बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाखाली कोणासही विनाशुल्क वाचता येते.