वैधता : अर्थ आणि वापर

सरकारी अर्ज, धनादेश, परवाने, निवडणुकीच्या बातम्या अशा अनेक ठिकाणी ‘वैध’ आणि ‘वैधता’ हे शब्द आढळतात. ‘विधी’ म्हणजे नियम किंवा कायदा. ‘शिव’पासून ‘शैव’, तसे ‘विधी’पासून ‘वैध’ हे विशेषण तयार झाले. जे नियमाला धरून आहे ते वैध. जे नियमाला सोडून आहे ते अवैध. ‘वैध’ला ‘ता’ प्रत्यय लागून ‘वैधता’ हे भाववाचक नाम होते.

खरे आणि वैध

खरी वस्तू वैध असतेच असे नाही. धनादेशावरील सही खरी असेल, खात्यात पैसेही असतील. तरी त्यावरील तारखेपासून तीन महिने उलटल्यावर बँक तो वटवत नाही. १ एप्रिल २०१२ पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती. ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्री ५०० व १००० रुपयांच्या तेव्हाच्या नोटा चलनातून रद्द झाल्या. त्या नोटा खोट्या नव्हत्या. त्यांच्यामागचे कायद्याचे बळ गेले होते. म्हणून कागद हाती आला की तो खरा आहे का, एवढेच पाहून भागत नाही. त्याची मुदतही पाहावी लागते.

तर्कशास्त्रातही हा भेद महत्त्वाचा आहे. ‘सर्व पक्षी उडतात, शहामृग पक्षी आहे, म्हणून शहामृग उडतो.’ या युक्तिवादाची रचना नियमानुसार आहे, म्हणून तो वैध आहे. मात्र त्यातील पहिले विधान असत्य आहे आणि निष्कर्षही असत्य आहे.

शब्दाचा वापर

१. नियमानुसार असणे : छाननीत उमेदवाराचा अर्ज वैध ठरला.
२. मुदत : परवान्याची वैधता संपली. बोलण्यात येथे ‘मुदत संपली’ असे म्हणतात.
३. पडताळणीनंतरची मान्यता : महाराष्ट्रात जातीच्या दाखल्याची पडताळणी समितीकडून होते. दावा योग्य ठरल्यास ‘जात वैधता प्रमाणपत्र’ मिळते. दाखला आणि हे प्रमाणपत्र ही दोन वेगळी कागदपत्रे आहेत.

लक्षात ठेवा : ‘वैद्य’ म्हणजे औषधोपचार करणारा. ‘वैधव्य’ हा शब्द ‘विधवा’पासून आला आहे. ‘वैध’शी या दोहोंचा संबंध नाही.

स्वाध्याय

१. खरा असूनही वैध नसलेल्या कागदाचे एक उदाहरण लिहा.
२. ‘अवैध’ आणि ‘वैधता’ हे शब्द वाक्यांत वापरा.
३. आपल्याजवळील एखादे ओळखपत्र किंवा परवाना पाहून त्याची मुदत कोठे लिहिली आहे ते शोधा.