क्ष-किरणांच्या सान्निध्यात

बीजगणितात ज्या राशीचे मूल्य ठाऊक नसते, तिला आपण 'क्ष' म्हणतो. सन १८९५ च्या नोव्हेंबर महिन्यात जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे राँटगेन नावाचे शास्त्रज्ञ आपल्या अंधाऱ्या प्रयोगशाळेत काम करीत होते. काळ्या कागदाने झाकलेल्या काचेच्या नळीतून त्यांनी विद्युत्प्रवाह सोडला, तोच काही अंतरावरचा रसायनाचा लेप दिलेला पडदा चमकू लागला. कागद भेदून जाणारे हे किरण कसले, हे त्यांनाही उमगेना. म्हणून त्यांनी त्यांना अज्ञात राशीचे अक्षर दिले. मराठीत ते 'क्ष-किरण' झाले. पुढे त्यांचे गुणधर्म कळले, तरी नाव तेच राहिले. लहानपणीचे लाडाचे नाव म्हातारपणीही चिकटून राहावे, तसे!

डिसेंबरात राँटगेन यांनी पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात हाडे दिसली आणि बोटातली अंगठीही दिसली. मांसातून हे किरण सहज पार होतात, हाडातील चुना मात्र त्यांना पुष्कळसा अडवितो. म्हणून चित्रात हाड पांढरे उमटते. या शोधासाठी १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. शोधाचे एकस्व मात्र त्यांनी घेतले नाही. जगाने तो मुक्तपणे वापरावा, अशीच त्यांची इच्छा होती.

जगाने तो वापरला, आणि प्रथम थोडा खेळ म्हणूनही वापरला! लोक हौसेने आपल्या हाताची हाडे पाहू लागले. पुढे युरोप-अमेरिकेत जोड्यांच्या दुकानांतही क्ष-किरण यंत्रे आली. नव्या जोड्यात पाय घालून मुले आपलीच बोटे हलताना पाहत आणि खुदकन हसत. या गमतीची खरी किंमत काय, हे कोणास ठाऊक होते? एडिसन यांचा साहाय्यक क्लॅरन्स डॅली क्ष-किरणांच्या नळ्यांची परीक्षा स्वतःच्याच हातांवर करीत असे. त्याचे हात भाजल्यासारखे झाले, जखमा चिघळल्या आणि अखेर दोन्ही हात कापावे लागले. १९०४ साली तो मरण पावला. एडिसन यांनीही या किरणांचा नाद सोडला. जर्मनीतील हँबुर्ग शहरात अशा बळी पडलेल्या संशोधकांचे व कामगारांचे स्मारक १९३६ साली उभारले गेले.

मुलांनो, आता आपल्या गावाकडे या. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय असो, की डोंबिवलीतील एखादे खाजगी तपासणी केंद्र असो. तेथील क्ष-किरण तंत्रज्ञाच्या छातीवर एक लहानशी पट्टी लावलेली तुम्हांला दिसेल. तीत एका विशेष रसायनाच्या चकत्या असतात. अंगावर पडलेल्या किरणांची ऊर्जा त्या साठवून ठेवतात. दर तीन महिन्यांनी ही पट्टी तपासणीसाठी पाठवितात. तेथे चकत्या तापविल्या, की त्यांतून प्रकाश बाहेर पडतो. जितके किरण अधिक, तितका प्रकाश अधिक. डॅलीला जे कोणी सांगू शकले नाही, ते ही पट्टी सांगते. हा हिशोब एका चित्राचा नव्हे, वर्षानुवर्षांचा असतो. छातीच्या एका चित्रातून रोग्याला मिळणारी मात्रा फार अल्प, निसर्गातून आपणां सर्वांना काही दिवसांत मिळते तेवढीच. पण तंत्रज्ञ मात्र दिवसभर एकामागून एक चित्रे घेत असतो.

म्हणूनच तो शिशाच्या आडोशामागे उभा राहून कळ दाबतो. "श्वास घ्या, रोखून धरा... आता सोडा," हे शब्द तो दिवसातून किती वेळा उच्चारीत असेल! हात मोडलेले पोर रडत असते, त्याची आई घाबरलेली असते. एखादे आजोबा केस सारखे करून विचारतात, "हसू का?" पोर हलले तर चित्र पुसट येते, आणि ते पुन्हा घ्यावे म्हटले, तर तेवढे किरण पुन्हा अंगावर पडतात. तेव्हा गोड बोलून पोराला क्षणभर स्थिर ठेवणे, हेही या कामातले एक कसबच आहे.

काम संपले, की तंत्रज्ञ ती पट्टी रुग्णालयातच ठरलेल्या जागी ठेवतो. ती घरी न्यावयाची नसते. मग हा माणूस कोठे जातो?

माझ्या परिचयाचे एक तंत्रज्ञ ठाण्याहून डोंबिवलीची गाडी पकडतात. डब्यात त्यांची भजनी मंडळी असते. टाळ वाजू लागतात, उभ्या प्रवाशांच्या माना डोलू लागतात, आणि दिवसभर रोखून धरलेला श्वास जणू मोकळा होतो. दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर हेच गृहस्थ नवा सदरा घालून मित्रांच्या घोळक्यात मोठमोठ्याने हसताना दिसतात. रुग्णालयात ज्यांनी त्यांचा हळू, समजुतीचा आवाज ऐकला असेल, त्यांना हे खरे वाटणार नाही.

गाडीतल्या सोबत्यांना थट्टेचा एक विषय कधीच पुरत नाही. एकदा मुंब्र्याचा डोंगर मागे पडत असताना एकाने विचारले, "काय हो क्ष-किरणसाहेब, मी आज डब्यात काय खाल्ले, ते दिसते का तुम्हांला?"

"दिसेल की," ते टाळ सावरीत म्हणाले, "पण आधी खिडकीवर नाव नोंदवा, पैसे भरा आणि बाकावर बसून राहा. आपल्या आधी बावीस जण आहेत!"